गड्डे निघेपर्यंत

सकाळी परसात गेले तर सगळ्या झाडांची पानं वर ओढून घेतलेली होती आणि प्रत्येक झाडाच्या माथ्यावर सुतळीची गाठ होती. आतला गड्डा दिसत नव्हता. न्हाऊ घातलेल्या पोरांची डोकी टॉवेलात गुंडाळून त्यांना ओळीनं बसवावं, तसा वाफा दिसत होता.

मामा धुण्याच्या दगडावर बसून कडुलिंबाच्या काडीनं दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाली बसले आणि एकेक गाठ सोडत गेले. पानं पुन्हा आपापल्या जागी पसरली. सुतळी गुंडाळून मी खिडकीत ठेवली. मामांनी चूळ भरली आणि ते आत गेले. चहा पिताना आम्ही नळाला पाणी कधी येईल, यावर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं पुन्हा बांधलेली होती.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. अंबडच्या पुढं त्यांचं गाव, तिथं मोसंबीची बाग. मला आणि माझ्या मुलीला, मुक्ताला, गावी घेऊन जायला म्हणून ते दिवाळीनंतर जालन्याला आले होते आणि थांबले होते.

माझा नवरा दिगंबर जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला होता. श्रावणात कंपनीच्या शेतावरून परत येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं धडक दिली. तो दवाखान्यात पोचलाच नाही. दिवसकार्य गावी झालं. मुक्ताची शाळा चालू होती, म्हणून मी तिला घेऊन जालन्याच्या भाड्याच्या घरात परतले. तेव्हाच गावी ठरलं होतं की सहामाही परीक्षा झाली की आम्ही दोघींनी कायमचं गावी यायचं. ठरलं म्हणजे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही म्हटलं नव्हतं. माझा दीर उत्तम यानं बागेकडच्या अंगाची एक खोली आमच्यासाठी रिकामी करून तिला चुना दिला होता. सासूबाईंनी मुक्तासाठी गावच्या शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. माणसं चांगली होती.

मामा आले तेव्हा त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. ते टेकले, पाणी प्यायले आणि सामान कधी बांधायचं म्हणून विचारलं. मी त्यांना परसात घेऊन गेले.

परस म्हणजे पाण्याची टाकी आणि मागची भिंत यांच्यामधली जागा. दोन खाटा जेमतेम मावल्या असत्या. ती मी खणली होती, शेणखत घातलं होतं आणि रोपं लावली होती. तेव्हा ती वीतभर झाली होती.

"एवढं पीक निघू द्या, मामा," मी म्हणाले. "मग बघू."

मामांनी वाफ्याकडे पाहिलं. काय आहे म्हणून विचारलं. मी ब्रोकोली म्हटलं. त्यांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. फुलकोबीच, पण हिरवी, असं मी सांगितलं. ही जात बुटकी आहे, फार पसरत नाही, त्यामुळं थोड्या जागेत जवळजवळ लावता येते, हेही सांगितलं.

"बी कुठलं?" मामांनी विचारलं.

"कंपनीचं."

खाली वाकून त्यांनी एका रोपाच्या बुडाशी माती दाबली.

"मग थांबतो मी," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते परत जातील आणि महिन्या-दोन महिन्यांनी येतील. पण त्यांनी बागेचं कारण सांगितलं. मोसंबीला आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात बाग ताणावर सोडतात, म्हणजे झाडांचं पाणी तोडतात. पाणी पुन्हा सुरू करेपर्यंत मालकाला बागेत काम नसतं. तोवर इथंच राहतो, मुक्ताला शाळेत सोडत जाईन, असं ते म्हणाले. ते राहिले.

सत्तरीच्या आसपासचे असतील तेव्हा. उंच, हाडापेरानं मोठे. आमच्या त्या दोन खोल्यांत वावरताना त्यांना सारखी मान लववावी लागे. कमी बोलत. सकाळी माझ्याआधी उठत आणि तांब्यानं एकेका रोपाला पाणी घालत. पाणी घालून झालं तरी उठत नसत. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून राहत, कधी एखाद्या पानावरची धूळ बोटानं पुसत. शेतकऱ्याचा स्वभाव, असं मी धरून चालले. मला त्यांची भीती नव्हती, पण सोबतही वाटत नव्हती. मनात मी वेगळ्याच हिशेबात होते.

रोपं वाढू लागली तशी मी ती मोजू लागले. शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन बसायची. देठाची उंची, पानांचा घेर, दोन झाडांमध्ये उरलेली जागा. भिंतीच्या सावलीतली झाडं मागं पडत होती का, टाकीजवळ ओल जास्त राहत होती का, ते बघायची. मामा ओट्यावरून पाहत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, मोजून काय करतेस. मी म्हटलं, वाढ बघते.

मग एका संध्याकाळी मुक्तानं मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, की सकाळी शाळेत जाताना आजोबा एसटीडीच्या दुकानात थांबले होते आणि काकांशी बोलत होते. ते म्हणत होते, तुझ्या वहिनीचं काही ठीक दिसत नाही, कपड्याच्या टेपनं भाजी मोजते, रात्री जेवत नाही. तिला आता एकटं ठेवायचं नाही.

"आई, तुझं काय ठीक नाही?" मुक्तानं विचारलं.

मी तिला म्हटलं, माझं सगळं ठीक आहे. त्या दिवसापासून मी मामांच्या देखत जेवायला बसू लागले. मोजायचं मात्र थांबवलं नाही.

डिसेंबरात थंडी पडली आणि झाडांच्या मध्यावर बोराएवढे गड्डे दिसू लागले. ते मुठीएवढे होत आले तेव्हा हे बांधाबांधीचं प्रकरण सुरू झालं. मामा रोज पहाटे बांधायचे, मी रोज सोडायचे. ते का बांधतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फुलकोबीचा गड्डा उन्हात पिवळा पडतो म्हणून शेतकरी वरून पानं बांधून तो झाकतात. मामांनी मोसंबी लावायच्या आधी त्याच जमिनीत वर्षानुवर्षं फुलकोबी काढली होती. त्यांच्या हिशेबानं मी पीक वाया घालवत होते. मी तोंडानं सांगायला हवं होतं, पण सांगायला लागलं की पुढचे प्रश्न येतील असं वाटून मी गप्प राहिले. त्यांनाही मला टोकायचं नसावं. दुःखातल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही.

चार-पाच दिवस असेच गेल्यावर मी गाठी सोडत असताना ते माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"उघडंच ठेवायचं असतं का हे?"

"हो, मामा. ही फुलकोबी नाही. हिला ऊन लागेल तेवढा रंग चढतो."

"आणि झाकलं तर?"

"फिक्की पडते. गड्डा नीट धरत नाही."

ते मग पलीकडच्या बाजूनं खाली बसले आणि तिकडच्या गाठी सोडायला लागले. त्यांची बोटं जाड होती, पण गाठी माझ्यापेक्षा लवकर सुटत होत्या, कारण त्यांनीच मारल्या होत्या.

"आधी सांगायचं नाही का," एवढंच ते म्हणाले.

डिसेंबर संपता संपता चार दिवस आभाळ आलं. थंडी गेली, दमट झालं आणि मावा पडला. पानांच्या मागं करड्या रंगाचे बारीक किडे चिकटून बसले, दोन झाडांच्या गड्ड्यांतही शिरले. मामा कासावीस झाले. उत्तमला सांगून बागेतल्या औषधाची बाटली मागवतो, एका फवाऱ्यात साफ होईल, असं म्हणू लागले. मी नको म्हटलं.

"का नको?"

"हिच्यावर ते औषध चालत नाही."

"झाडाला चालत नाही, का कुणाला चालत नाही?"

मी निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळून त्यात थोडा साबण घातला आणि सकाळी जुन्या कापडानं एकेक पान पुसायला बसले. मामांनी थोडा वेळ पाहिलं. मग दुसरं कापड घेऊन तेही बसले. दोन दिवस आम्ही पानं पुसत होतो. एकदा मध्येच ते म्हणाले, दिगंबर लहान असताना त्याला मावा धुवायला बसवलं की तो पळून जायचा, बापाचं शेत नको म्हणायचा, आणि शेवटी पोट भरलं ते बियांवरच. मी हो म्हटलं. त्यांना अजून काही ऐकायचं होतं असं वाटलं. मी पुढचं पान पुसायला घेतलं.

दोन झाडं गेली. बाकीची वाचली. आभाळ निवळलं, पुन्हा थंडी पडली आणि गड्डे भरले. बुटक्या जातीचे गड्डे फार मोठे होत नाहीत, दोन ओंजळींत मावतील एवढेच. पण हे घट्ट होते, काळपट हिरवे, वर कळ्यांची बारीक रवाळ साय. अजून चार दिवस ठेवले असते तर कळ्या सैल होऊन पिवळी फुलं दिसू लागली असती.

मामांनी एका गड्ड्यावर तळवा ठेवून दाबून पाहिलं.

"झालं हे," ते म्हणाले. "निघालं पीक."

त्याच दिवशी ते एसटीडीवर जाऊन आले. उत्तम उद्या जीप घेऊन येतोय, सामान भरून ठेवू आणि मुक्ता शाळेतून आली की निघू, शाळेचा दाखला तो काढून घेईल, असं त्यांनी मला सांगितलं. मी बरं म्हटलं. मग मीही बाजारात जाऊन येते म्हणून निघाले आणि दुसऱ्या एसटीडीवरून एक फोन केला.

उत्तम दुसऱ्या दिवशी मुक्ता शाळेला गेल्यावर आला. चांगला मुलगा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. आल्याबरोबर कामाला लागला. दिगंबरची पुस्तकं भरलेली खोकी, गव्हाची कोठी, शिवणाचं मशीन, एकेक उचलून जीपमध्ये ठेवू लागला. मी अडवलं नाही. मी वाट बघत होते. कोणी आलंच नाही तर काय करायचं, याचा विचार मी केलेला नव्हता.

मशीन जीपमध्ये चढलं, त्याच्या मागोमाग दारात कंपनीची पांढरी गाडी थांबली आणि रझवी मॅडम उतरल्या.

भाजीपाल्याच्या बियाण्यांचा विभाग त्यांच्याकडे होता. दिगंबर त्यांच्याच हाताखाली काम करायचा. मामांनी त्यांना दिवसकार्याच्या वेळी पाहिलं होतं. त्यांना वाटलं मॅडम भेटायला आल्यात. त्यांनी खुर्ची पुढं केली. मॅडमनी नमस्कार केला, दोन शब्द बोलल्या आणि म्हणाल्या, "आधी वाफा बघू."

आम्ही परसात गेलो. मामा मागं येऊन ओट्यावर उभे राहिले. मॅडम साडीचा पदर खोचून खाली बसल्या आणि विचारू लागल्या. लावणी कधी केली, अंतर किती ठेवलं, पाणी कसं दिलं, नळ आला नाही तेव्हा काय केलं. मी सांगत गेले. भिंतीच्या बाजूची झाडं सावलीमुळं मागं राहिली, टाकीजवळची पुढं गेली. याहून जवळ लावली तर पान पानाला घासतं आणि मावा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. औषध न मारता पुसून काढला, दोन झाडं गेली. वाळकं गवत बुडाशी पसरलं तर पाणी एक दिवस जास्त पुरतं. मी इतकं सलग कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते. मॅडमनी एक गड्डा कापला, उलटा करून देठ पाहिला, मग एका झाडापाशी थांबल्या.

"याचा रंग खालून फिका का आहे?"

"सुरुवातीला काही दिवस पानं बांधली होती."

"कुणी?"

मी थांबले. ओट्यावरून मामा म्हणाले, "मी बांधली. फुलकोबी समजून."

मॅडमनी वळून पाहिलं. "तुम्ही फुलकोबी घेता?"

"घ्यायचो."

"मग कुणीही जाणकार माणूस हेच करणार," त्या म्हणाल्या. "हे आम्हाला ऑफिसात बसून सुचलं नसतं. पाकिटावर आम्ही सगळं छापू, आणि घरातलं कोणीतरी पहाटे उठून पानं बांधून टाकील." त्या माझ्याकडे वळल्या. "हेच सांगायला मला माणूस पाहिजे होतं. संक्रांत झाली की या कामावर."

उत्तम परसाच्या दारात येऊन उभा होता. "कुठल्या कामावर?" त्यानं विचारलं.

मग मॅडमनीच सांगितलं. कंपनी घरच्या बागेसाठी छोट्या पाकिटांत बी काढणार होती. कमी जागेत येणाऱ्या बुटक्या जाती. घराघरांत, महिला मंडळांत जाऊन ते कसं लावायचं ते दाखवायला एक बाई हवी होती. मी भाद्रपदात त्यांच्याकडे काम मागायला गेले होते. माझी वनस्पतिशास्त्राची पदवी जुनी होती आणि लग्नानंतर मी कधी नोकरी केलेली नव्हती. दिगंबरच्या जागेवर त्या मला घेऊ शकत नव्हत्या. त्यांनी मला बी दिलं आणि सांगितलं होतं, तुमच्या परसात, औषध न मारता काढून दाखवा. निघालं तर बोलू, नाही निघालं तर मला पुन्हा विचारू नका.

मॅडमनी कापलेला गड्डा आणि फिका गड्डा दोन्ही सोबत घेतले आणि त्या गेल्या. त्या विभागात मी पुढं केस पिकेपर्यंत राहिले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी गाडीचा आवाज लांब गेला आणि उत्तम बोलू लागला. त्यानं आवाज चढवला नाही. दादाला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि वहिनी दारोदार बी विकत फिरणार, हे गावात काय तोंडानं सांगायचं, असं तो म्हणाला. आम्ही दोन घास कमी पडू दिले असते का. खोली तयार केली, आई रोज विचारते पोरगी कधी येणार. तुम्हाला यायचंच नव्हतं तर आबांना इतके दिवस इथं का बसवून ठेवलं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं. मी मामांकडे पाहिलं. ते वाफ्याच्या कडेला, रोजच्या जागी बसले होते.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता का, मामा? पीक निघू दिलं असतं?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "त्याच दिवशी तुला घेऊन गेलो असतो."

ते हातानं वाफ्यातली माती सारखी करत होते.

"म्हणजे हे बी दिगंबरनं आणलेलं नव्हतं."

"नाही. मॅडमनी दिलं होतं. तो गेल्यावर."

"तू म्हणालीस कंपनीचं."

"कंपनीचंच आहे."

"मी समजलो त्यानं आणून ठेवलेलं असेल," मामा म्हणाले. "त्याच्या हातचं शेवटचं. तेवढ्यासाठी तू पेरलं असशील. म्हणून थांबलो."

उत्तमनं मान खाली घातली. मी पायऱ्यांवर बसले. इतके दिवस ते पहाटे उठून तांब्यानं पाणी घालत होते, पानांवरची धूळ पुसत होते, ते काय चाललं होतं ते मला तेव्हा समजलं. काही म्हणायला हवं होतं. पण जे म्हणता आलं असतं ते सगळं खोटं झालं असतं.

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. टाकीच्या पाण्यानं त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले.

"उत्तम, मशीन खाली घे."

"आबा, आईला काय सांगायचं?"

"मी सांगतो काय सांगायचं ते. तू मशीन घे आधी. मग कोठी."

"लोक..."

"लोकांना मी ओळखतो. तिनं त्या बाईला एवढं सगळं सांगितलं, तू ऐकलंस का? मला माझ्या बागेतलं एवढं सांगता येत नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तिला तिथं नेऊन काय करायला लावणार आपण? भाकरी थापायला? त्याला माणसं आहेत घरात."

उत्तमनं सामान उतरवलं. मशीन, कोठी, खोकी. मीही एक बाजू धरली. खोकी खाली आल्यावर जीपचा मागचा भाग रिकामा झाला आणि तिथं एक नवी कोरी गादी अंथरलेली दिसली. तिच्यावर फुलाफुलांच्या अभ्र्याची लहान उशी होती.

"रस्ता फार खराब आहे," उत्तम म्हणाला. "मुक्ताला गचके बसू नयेत म्हणून आबांनी फोनवर सांगितलं होतं."

मामा आतून आपली पिशवी भरून घेऊन आले. मी जेवून जा म्हटलं. ते नको म्हणाले, बागेला पाणी सोडायचे दिवस आलेत. मी एक गड्डा कापून सासूबाईंसाठी कागदात बांधून दिला. तो त्यांनी घेतला. भाजी कशी करायची म्हणून विचारलं. मी म्हटलं, फार शिजवायची नाही, रंग जातो. त्यांनी मान हलवली.

"मुक्ता येईलच आता शाळेतून," मी म्हणाले. "तिला भेटून जा, मामा. इतके दिवस होतात, तर अजून थोडा वेळ."

"ती आली तर मग माझ्यानं निघणं व्हायचं नाही," ते म्हणाले.

उत्तमनं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं होतं. ते पुढं बसले नाहीत. मागच्या बाजूनं चढले, गादीवर मांडी घातली आणि उशी उचलून मांडीवर घेतली. जीप वळली. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण मान लववलेली होती, कारण जीपच्या टपाचं कापड खाली होतं आणि ते उंच होते.

मुक्ता आली तेव्हा मी कोठी जागेवर सरकवत होते. तिनं दप्तर ठेवलं आणि आजोबांना हाक मारली. परसात जाऊन आली. त्यांची वळकटी कोपऱ्यात नाही हे तिनं पाहिलं.

"आजोबा कुठंयत?"

"गावी गेले. काका आले होते."

"मला न सांगता?"

"हो."

आपल्या वस्तू तिनं आधीच एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या, रंगीत खडू, भातुकली, दिगंबरचा एक जुना पट्टा. बागेकडच्या खोलीत काय कुठं ठेवायचं ते आजोबांनी तिला रोज शाळेत सोडताना सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिनंच तेव्हा सांगितलं. मग विचारलं, "आपण कधी जायचं?"

"आपण जायचं नाही," मी म्हणाले. "आपण इथंच राहायचं. मी नोकरी करणार आहे."

"आजोबांना माहितीये?"

"माहितीये."

"त्यांनी सांगितलं इथंच राहा म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. ते खोटंही झालं नसतं. ती त्यांच्यावर थोडे दिवस रुसली असती आणि मग विसरून गेली असती.

"नाही," मी म्हणाले. "मी ठरवलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील गेले तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, सगळे म्हणत पोर शहाणी आहे. आता ती पिशवी छातीशी धरून रडायला लागली, आणि मी जवळ गेले तर दोन्ही हातांनी मला लोटू लागली. मी बाजूला झाले नाही.